आबांचा साचा

“क्लास म्हणजे साचा,” प्रोग्रॅमिंगच्या शिकवणीतले सर म्हणाले होते. “त्यातून हवे तितके ऑब्जेक्ट घडवा, मात्र काम संपले की नष्ट करा.”

शहराजवळच्या मारुंजीतल्या माझ्या खोलीत, त्याच्या सरावासाठी, मी दिवंगत आजोबांचा, आबांचा, साचा लिहिला. त्यांच्या अखेरच्या आजारात परीक्षेपायी मी गावी, रिह्याला, गेलो नव्हतो. बटण दाबताच पडद्यावर आबा उमटत. मन भरेना, मी पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. नष्ट करण्याची ओळ लिहायला मात्र हात धजावला नाही.

दुपारी गावाहून आईचा फोन आला.

“किशा, तुझं आबा आल्यात. पडवीत बसाया जागा ऱ्हायली न्हाई.”

मी पडद्यावरचे आबा मोजू लागलो.

“बोल की, मुक्या! समदे आबा एकच इचारत्यात, किशा का आला न्हाई?”