धाकट्याची भट्टी

"फादर, मी खोटं बोललो. धाकट्याला सांगितलं, तुझी कोळशाची भट्टी मी फोडली."

"आणि फोडली नव्हतीस?"

"नाही. तो घरी जेवायला गेला होता. माझी भट्टी शेजारीच, तिथून मला दिसलं. त्याच्या भट्टीवरची माती खचली आणि आतला जाळ बाहेर आला. आत वारा शिरला की बारा दिवस राखलेल्या लाकडाची घटकाभरात राख होते."

"आणि तू बघत बसलास. निकोदेमो, खरं सांग."

"बसायचंच ठरवलं होतं. सेरा गावातल्या सगळ्या खानावळींना धाकट्या इलारिओचाच कोळसा हवा असतो. आमची आईसुद्धा माझा कोळसा चुलीत घालत नाही."

"त्याच्या कोळशाचा धूर होत नाही ना. आम्हीसुद्धा तोच..."

"माहीत आहे, फादर."

"बरं, पुढे बोल."

"हातात फावडं कधी घेतलं, कळलंच नाही. शिडीने वर चढलो, ओली माती थापून भोक बुजवलं. उतरतोय तोच इलारिओ आला. म्हणाला, 'दादा, माझ्या भट्टीवर काय करत होतास?' मी म्हटलं, 'फोडली होती. मग भीती वाटली, म्हणून बुजवली.' त्याने माझ्या कानाखाली मारली. महिना झाला, माझं तोंड बघत नाही."

"अरे वेड्या, तू त्याची भट्टी वाचवलीस! खरं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"त्याने माझे आभार मानले असते, फादर."