माइकची दांडी

"उघडे हवेत की बंद?" विक्रेतीने विचारलं आणि कालेर्वोच्या डोक्याचा पार भुगा झाला.

हेडफोन घ्यायला आलेल्या माणसाला हा काय प्रश्न? आधीच तासभर तो फिनलंडमधल्या कुओपिओ गावातल्या या दुकानात भिंतीसमोर उभा होता. भिंतीवर शंभरेक हेडफोन टांगलेले. वायरचे, बिनवायरचे, बाहेरचा आवाज गिळून टाकणारे, गेममधल्या शत्रूची पावलं कुठल्या बाजूने येतायत ते सांगणारे. प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं वाचून तो आधीचं विसरत होता. विक्रेतीचं नाव हेता. तासभर तिने त्याला मुळीच हटकलं नव्हतं; शेवटी तिलाच राहवलं नाही.

"उघड्यात बाहेरचं ऐकू येतं, बंदमध्ये नाही. तुम्हाला कशासाठी हवेत?"

"रविवारी मुलीबरोबर गेम खेळायला. बाकी दिवस रेडिओ ऐकायला, अंगणातला बर्फ काढताना."

"मग दोन घ्या. गेमचा वेगळा, रेडिओचा वेगळा."

"मला डोकं एकच आहे."

हेताला हसू आलं नाही. कालेर्वोलाही तशी अपेक्षा नव्हती. तिने त्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या जुन्या हेडफोनकडे बोट दाखवलं. "याला काय झालंय?"

काय झालंय, हे सांगायचं कसं? मुलगी, सैया, स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहते. हा हेडफोन तिनेच पाठवला होता. दर रविवारी बापलेक कॉम्प्युटरवरच्या एका जंगलात भेटतात, लाकडं तोडतात, झोपडी बांधतात, लांडगे हाकलतात. घरात दिवसाला तीन वाक्यं बोलणारा हा गडी, समोर कुणाचं तोंड दिसत नाही म्हणून असेल, त्या हेडफोनमध्ये भडाभडा बोलायला लागला. वर्षभर बोलला. गुडघ्यांबद्दल बोलला, एकट्यासाठी बटाटे उकडायचा कंटाळा येतो तेही बोलला. आणि गेल्या रविवारी डोळे घट्ट मिटून त्याने ते सांगून टाकलं. सैयाची आई गेली त्या दिवशी तो हॉस्पिटलात नव्हता. कामावर होता, हमरस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवत होता. निरोप आला होता, तरी त्याने गाडी थांबवली नाही.

सांगून झालं तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. थोड्या वेळाने सैया म्हणाली, "बाबा, डावीकडे बघ, लांडगा."

तेव्हापासून सहा दिवस त्याला काही सुधरत नव्हतं. ऐकून तिने विषय टाळला, की ऐकलंच नाही? विचारायची छाती होईना. म्हणून त्याने सगळा भार हेडफोनवर टाकला होता. यात बिघाड निघाला की देव पावला.

"ऐकू येतं सगळं," तो एवढंच म्हणाला. "माझं तिकडे पोचतं की नाही, कळत नाही."

हेताने हेडफोन दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला, "एक, दोन, तीन" म्हटलं आणि आपलाच आवाज परत ऐकला. "ठणठणीत आहे. नवा घ्यायची काही गरज नाही."

म्हणजे पोरीने ऐकलं होतं.

"नक्की?"

"तुम्हीच बघा घालून."

त्याने हेडफोन डोक्यावर चढवला आणि सवयीने माइकची दांडी वर सारली.

"ती वर का केलीत?"

"कॉफी पिताना मध्ये येते."

"आणि नेहमी वरच असते?"

"नेहमी."

"वर केली की माइक बंद होतो. तो बनवलाच तसा आहे."

कालेर्वो तिच्याकडे बघत राहिला. सुटलो म्हणून हसावं की वर्ष वाया गेलं म्हणून रडावं, त्याला समजेना. "पण मग ती म्हणाली असती ना, की बाबा, तुझं काही ऐकू येत नाही म्हणून?"

"घरी तुम्ही फार बोलायचात का?"

त्याने खिशातून फोन काढला. तिने त्याच्या फोनला तो हेडफोन जोडून दिला आणि म्हणाली, "लावा कुणाला तरी. खात्री होईल."

तो आपणहून कधी फोन करत नसे. पहिल्याच रिंगला सैयाने उचलला. "बाबा? कोण गेलं?"

"कुणी नाही." त्याने दांडी खाली केली. "कुणी नाही," तो परत म्हणाला. "हेडफोन घ्यायला आलोय."

"मग?"

मग काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो माइकमध्ये नुसता श्वास घेत राहिला.

"तुझा श्वास ऐकू येतोय," शेवटी ती म्हणाली. "गेममध्ये कधीच येत नाही. मी आपली एकटीच बडबडते. म्हटलं, तुला नसेल बोलायचं, नुसता येऊन बसतोस तेही पुष्कळ."

"मी बोलत होतो, सैया."

"कधी?"

"वर्षभर."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "काय बोलत होतास?"

दुकानात सात-आठ माणसं होती. पैसे द्यायच्या रांगेतली एक बाई त्याच्याकडेच बघत होती. आयुष्यात कधी बसमध्येसुद्धा कालेर्वोने आवाज चढवला नव्हता. त्याने दांडी ओठांजवळ ओढली आणि सगळ्यांदेखत, मोठ्यांदा म्हणाला, "आई गेली त्या दिवशी मी गाडी थांबवायला हवी होती."