मागचे फुटरेस्ट

विकायला काढलेली मोटरसायकल बघायला गिऱ्हाईक आलं की पद्माकर आधी गाडीचे दोष सांगायला घ्यायचा. हॉर्न चिरकतो, स्पीडोमीटरची केबल तुटली आहे, पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरतं. कामं किरकोळ होती, पण तो ती अशा सुरात सांगायचा की ऐकणारा हात जोडून निघून जाई. असे तिघे गेल्यावर प्रभाने ओळखलं, हा प्रामाणिकपणा नव्हे, ही शुद्ध लबाडी आहे.

"आज तुम्ही बिल्कुल तोंड उघडायचं नाही," रविवारी सकाळी तिने नवऱ्याला बजावलं.

गाडी जपानी, एन्ड्युरो जातीची. रस्ता संपतो तिथून पुढे धावणारी. कुठल्याशा वकिलातीने लिलावात काढली तेव्हा पद्माकरने ती घेतली आणि वीस वर्षं दर सुट्टीला तिच्यावरून एकटा भटकला. उशीर का झाला विचारलं तर म्हणायचा, वळवावीशीच वाटेना. सरकारी क्वार्टर सोडून नोएडाच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही खोड गेली नाही. नव्या सेक्टरांच्या खणलेल्या रस्त्यांवर दोनदा पडला. दुसऱ्या वेळी पायात रॉड घालावा लागला. आता पडलात तर पुन्हा उभे राहणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. तरी परवा किक मारायच्या खटपटीत असलेल्या या माणसाला प्रभाने दंडाला धरून पार्किंगमधून वर आणलं होतं. गाडी घरात राहिली तर नवरा हातचा जाणार, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

गिऱ्हाईक पानिपतचं निघालं. "म्हणजे आपलंही पानिपत ठरलेलंच," पद्माकर पुटपुटला. प्रभाने डोळे वटारले.

गुलशन नावाचा तो तरुण चादरींचा व्यापारी होता. सोबत मेहुण्याला घेऊन आला होता. त्याने गाडीभोवती चकरा मारल्या, वाकून तेल पाहिलं आणि हे तर घरीच दुरुस्त होईल, म्हणाला. पद्माकरचा चेहरा पडला. आता फक्त एक ट्रायल हवी होती.

ट्रायलला गाडी द्यायची तर मागे आपलं माणूस बसवायचं, हा तिथला रिवाज. नाहीतर गाडीही गेली आणि गिऱ्हाईकही. पण पद्माकरचा पाय सीटवरून पलीकडे जाईना. मग राहू दे ट्रायल, तो म्हणाला, जरा जास्तच आनंदाने.

"मी बसते," प्रभा म्हणाली.

सकाळच्या फेरफटक्याचा सलवार-कमीज अंगावर होताच. पर्स काखेत मारून ती त्या उंच सीटवर चढली, आणि तिचे पाय अधांतरी लोंबू लागले.

"आंटीजी, पीछे के फुटरेस्ट तो हैं ही नहीं," गुलशन म्हणाला.

प्रभाने नवऱ्याकडे पाहिलं. गाडीचे सगळे दोष तोंडपाठ असलेल्या माणसाला हा एक कधी दिसलाच नव्हता. दगडांना अडकायचे म्हणून काढून ठेवलेत, माळ्यावर आहेत, पद्माकर खाली बघत म्हणाला. कधी काढलेत, तिने विचारलं.

"घेतली त्याच आठवड्यात."

तिला फार वाईट वाटलं आणि रागही आला. पण आज भांडायला सवड नव्हती. घेऊन या आणि लावा, एवढंच ती म्हणाली. पद्माकर लंगडत वर गेला, कागदात गुंडाळलेले दोन्ही फुटरेस्ट घेऊन आला, दुखरा पाय लांब करून फरशीवर बसला आणि पाना फिरवू लागला. प्रभा सीटवरून उतरली नाही. त्याचे विरळ झालेले केस तिला पहिल्यांदाच वरून दिसत होते.

गाडी फाटकाबाहेर पडली. मेहुणा ओलीस ठेवल्यासारखा भिंतीला टेकून राहिला. पद्माकर आधी कट्ट्यावर बसला. मग फाटकाशी गेला. मग रस्त्यावर येऊन उभा राहिला. सेक्टरला फेरी मारायला इतका वेळ लागत नाही. त्याला पुढचे सगळे खड्डे माहीत होते, आणि आता ते एकेक करून आठवू लागले. वर त्यांची बाल्कनी रिकामी होती. प्रभा तिथे उभी राहून काय करत असेल, याचा त्याने आजवर विचार केला नव्हता.

शेवटी आवाज आला, मग गाडी. प्रभाचे केस सुटले होते, तोंडावर धूळ होती, पाय फुटरेस्टवर घट्ट रोवलेले होते. आंटीजींनीच यमुनेच्या बांधावरून न्यायला लावली, गुलशन हसत म्हणाला. गाडी त्याला पसंत होती.

"केवढा हा उशीर," पद्माकर म्हणाला.

"वळवावीशीच वाटेना," प्रभा म्हणाली.

ती उतरली. किल्ली काढून घेतली, थोडा वेळ मुठीत धरली, आणि गुलशनच्या हातावर ठेवली.