रोंकोचा खांदा

पती गेल्यावर मुलगा शववाहिनी बोलावू लागला. "तुझे वडील काय बटाट्याचं पोतं आहेत, गाडीत टाकायला?" मी सुनावले. आमच्या वाडीचा माणूस चर्चपर्यंत जंगलातल्या पायवाटेने खांद्यावरूनच जातो. अर्ध्या वाटेवरच्या विसाव्याच्या दगडावर शवपेटी टेकवायची आणि तिथून खालच्या रोंको वाडीने खांदा द्यायचा, ही रीत. आम्ही दगडापाशी पोहोचलो, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या खांदेकऱ्यांचे पाय लटपटत होते. "आई, रोंकोत आता कोण उरलंय?" मुलगा पुटपुटला. दगडावर चार तरुण पाठपिशव्या उतरवून पाव खात बसले होते. शवपेटी दिसताच ते ताडकन उठले आणि त्यांनी टोप्या काढल्या. "उतरलात कुठं?" मी विचारले. "रोंकोत, आजी. मिलानहून आलोय, घर भाड्यानं घेतलंय." मी दगडावरचे पावाचे तुकडे झटकले. "मग बरोबर जागी थांबलात. हात पुसा. इथून पुढे खांदा रोंकोचा."