चोवीस माग

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरच्या मण्याचं झुलणं कमी होऊ लागलं.

हर्षदाने पेन हाती घेतलं. काचपट्टीवर विकराचा, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचा, एकच रेणू चिकटवला होता. त्याने धरलेल्या डीएनएच्या धाग्याच्या टोकाला तो मणी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. रेणू नक्कल करत पुढे सरकला की धागा ओढला जाणार आणि मण्याचं झुलणं आखडत जाणार. पाच महिने मणी नुसता थरथरत होता. भिंतीपलीकडे मागांचं खातं होतं. स्कूटरच्या ट्यूबांवर दगडी फरशी ठेवून तिच्यावर सूक्ष्मदर्शक मांडला, तरी हादरे पोचायचेच. विकराची ही शेवटची कुपी. सोमवारी उसना आणलेला कॅमेरा मुंबईला परत जाणार होता.

मणी जाईल तिथवर तिने पडद्याच्या काचेवर पेनाने वर्तुळ काढलं. थोड्या वेळाने आत दुसरं. मग तिसरं. व्हीसीआर चालू होता. तीन सत्तावीसला पाचवं वर्तुळ सुपारीएवढं झालं.

दार उघडून हिलाल, तिचे वडील, आत आले. ते त्याच खात्यात जॉबर होते, माग दुरुस्त करणारे. केसांवर सुताची धूळ तशीच होती. ते काहीतरी बोलले. हर्षदाने कानातले कापसाचे बोळे काढले. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता.

"बठ्ठा साचा बंद करात, बेटा. तुनाकरता," हिलाल म्हणाले. "शेठ हासना. म्हने, आठे चोवीस साचा, तठे एक धागा."

"सगळे माग कधी बंद केले?"

"तीननंतर. एकेक कारीगरले समजाडीसन."

"एकेक करून?"

"मंग? एकदम कोन ऐकस?"

हर्षदा पाच वर्तुळांकडे पाहत राहिली. झुलणं विकराने आखडलं की थांबत गेलेल्या मागांनी, हे त्या टेपवरून कोणालाच सांगता येणार नव्हतं.

"बाबा, परत चालू करायला सांगा."

"आते?"

"आत्ता. सगळे."

हिलालांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते खात्याकडे वळले.

माग चालू झाल्यावर मणी जर पुन्हा बाहेरच्या वर्तुळापर्यंत गेला, तर रेणू जागचा हललाच नव्हता असं ठरणार होतं. हर्षदा पडद्याशी नाक लावून बसली. तीन एक्केचाळीसला पहिला माग खडखडला. मग दुसरा.

सातवा सुरू झाला तेव्हा मणी आतल्याच वर्तुळात होता.