वरच्या मजल्यावरचं जनावर

“आता तरी ऐकलं?” उत्तराने हेडफोन कानावरून ओढून काढले.

ठक-ठक. मग थोडं थांबून, ठक.

सिंधूताईंनी मेथीची जुडी मांडीवर तशीच ठेवली आणि छताकडे बघून हात जोडले. “मी त पहिल्याच दिवशी म्हटलं होतं वं पोरी. पार्वतीबाई हाय ते. जीव अडकून राहिला तिचा या घरात.”

पार्वतीबाई म्हणजे घरमालक गोपाळरावांची बायको. ती वरच्या मजल्यावरच वारली. मग मुलगा मोहित वडिलांना पुण्याला घेऊन गेला, वरचं घर बंद झालं आणि खालचं या मायलेकींना भाड्याने मिळालं. नंदनवनसारख्या वस्तीत इतक्या कमी भाड्यात घर मिळतंय तर सोबत एखादं भूत असणारच, असं उत्तरा तेव्हा हसत म्हणाली होती. आता तिला हसू येत नव्हतं.

खापरखेड्याचं लग्न आटोपून दोघी परतल्या तेव्हापासून हे सुरू होतं. सकाळी, दुपारी, केव्हाही. उत्तराला भुताची भीती नव्हती. तिला स्वतःची भीती होती. मागे एकदा तिची झोप अशीच उडाली होती, बारीकसा आवाज झाला तरी छाती धडधडायची, आणि त्यातून बाहेर यायला गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. त्या खड्ड्यात पुन्हा पडायचं नव्हतं तिला.

तिने मोहितला फोन लावला होता. वर काहीतरी वाजतंय म्हणाली.

“उंदीर असतील ताई,” तो म्हणाला. “वरची चाबी बाबांजवळ हाय. ते तिकडंच कन्हानले आत्याकडं गेले. वापस आले का पाहून घेऊ.”

मग उत्तराने पॉडकास्टवाल्यांचा धर्म पाळला. जे छळतं, त्याचाच भाग करायचा. तिने माइक छताला लावून आवाज टिपला आणि दोन पाहुणे घरीच बोलावले. एक प्राणी सोडवणारा नागसेन, दुसऱ्या मनाच्या डॉक्टर मिनल.

नागसेन आला तोच मागच्या जिन्याने वर गेला. गच्चीवर त्याला हवं ते मिळालं: विष्ठा, तीत उंबराच्या बिया. खाली उतरताना त्याने गोपाळरावांच्या बंद दारावर थाप मारली.

आतून लगेच उत्तर आलं. ठकठकठकठक, घाईघाईने, कितीतरी वेळ.

“पाहा, कसं घाबरलं बिचारं!” नागसेन हसला. “मसण्याउद हाय ताई. मांजराएवढं जनावर, लांब शेपटीचं. नावातच मसण हाय, म्हणून लोक त्याले भूत समजतात.”

“पण दिवसा?”

“पिल्लं असतील तर मादी दिवसाही हलते. दार-बिर काही उघडू नका. माणसाचा वास लागला तर पिल्लं टाकून जाईल. राहू द्या तिले शांत.”

उत्तराने हुश्श केलं. रेकॉर्डिंग झकास रंगलं. तिने टिपलेला आवाज ऐकवला तेव्हा डॉक्टर मिनल डोळे मिटून ऐकत होत्या.

“यात ताल आहे, असं वाटतं मला,” उत्तरा म्हणाली. “कुणीतरी मुद्दाम वाजवल्यासारखा.”

“वाटणारच. आपलं मन अस्वस्थ असलं की पंख्याच्या घरघरीतही शब्द ऐकू येतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. आवाज आला की त्याचा अर्थ लावत बसू नका. लांब श्वास घ्या, हळू सोडा, आणि हातातलं काम करत राहा.”

उत्तराने तसंच केलं. ठक-ठक आलं की ती डोळे मिटायची, श्वास घ्यायची, सोडायची आणि पुन्हा एडिटिंगला बसायची. पहिल्यांदा जड गेलं. मग जमू लागलं. आश्चर्य म्हणजे आवाजही उतरत गेला. आधी मंद झाला, मग मधूनच कधीतरी, मग नुसतं घासल्यासारखं काहीतरी. शेवटी तेही थांबलं.

“गेली बाई पिल्लं घेऊन,” सिंधूताई म्हणाल्या. मात्र देवापुढे पार्वतीबाईच्या नावाने एक दिवा लावायचा तो त्यांनी लावलाच. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यात त्या पहिल्यापासून पटाईत.

भाग बाहेर पडला आणि धो-धो चालला. कुणी लिहिलं, तुमच्यामुळे आमच्या घरातलं भूत गेलं. कुणी लिहिलं, श्वासाची युक्ती आईला शिकवली. उत्तरा एकेक प्रतिक्रिया आईला वाचून दाखवत होती. कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल झाले होते आणि दुपारचा चहा तिने गरम असतानाच प्यायला. आपण बऱ्या आहोत, या एका गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मोहितचा फोन आला.

“ताई, तुमचा भाग आत्ता ऐकला.” त्याला धाप लागली होती. “ऐकल्याबरोबर आत्याले फोन केला. बाबा कन्हानले गेलेच नाईत.”

“अरे, मग त्यांना फोन लावून बघ ना.”

“बाबांले बोलता येत नाई ताई. घशाचं ऑपरेशन झालं तवापासून आवाजच निघत नाई त्यांचा. मी मेसेज पाठवून राहिलो, त्यांचा मोबाइल बंद हाय. मले वाटलं, माझ्यावर रुसून पुण्याहून निघाले, तर रागात असतील.”

उत्तराने छताकडे पाहिलं. वर अगदी शांत होतं.

“ताई,” मोहित म्हणाला, “बाबांले उठता येत नसलं अन् पाणी पाहिजे असलं का ते काठी आपटतात. दोनदा. मंग थांबून एकदा.”