नेमका पंखा

नवऱ्याच्या रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं इंजिन तिने अंगणातल्या टेबलावर घट्ट आवळलं. विमानाच्या नाकावरचा जुना पंखा कधीच मोडला होता आणि त्याचं माप फक्त नवऱ्यालाच ठाऊक होतं. त्याला तर आता घरातलं कुणीच ओळखू येत नव्हतं. "ओळखीचा आवाज कानावर पडला, तर कदाचित..." एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

पहिला पंखा लावून इंजिन सुरू केलं, तसा तो खुर्चीतूनच खेकसला, "मोठा झाला पंखा! धापा टाकतंय बिचारं."

दुसऱ्याला त्याने कानच झाकले. "फारच लहान. नुसतं किंचाळतंय. जाळाल इंजिन!"

दुकानातून आणलेले पंखे संपत आले, हात कोपरापर्यंत तेलाने माखले, तेव्हा कुठे इंजिन एका सुरात घुमायला लागलं. त्याचा चेहरा उजळला.

"हाच! हाच तो आवाज!"

तिचा जीव भांड्यात पडला. धावत येऊन ती त्याच्यासमोर बसली.

"अहो, आणि मी?"

त्याने घाबरून घराच्या दाराकडे पाहिलं आणि तो तिच्या कानाशी लागला.

"ताई, आधी बंद करा ते. आमच्या हिचं डोकं उठतं या आवाजाने."